रोजकीर्द जपा, खतावणीला शिस्त लावा

आपल्याकडे व्यापाऱ्याच्या पेढीवर पूर्वीपासून दोन वह्या असत. एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. दिवसभरात जे जे घडले ते घडल्या क्रमाने रोजकीर्दीत उतरायचे. अमक्याने तांदूळ उधार नेला, तमक्याने पन्नास रुपये जमा केले, नारळ विकले गेले. खतावणीत हाच मजकूर माणसामाणसाच्या खात्यावर वाटून लिहिला जाई, म्हणजे कोणाकडून किती येणे आणि कोणाला किती देणे हे एका पानावर दिसे. रोजकीर्दीत खाडाखोड चालत नसे. चूक झालीच तर ती पुसायची नाही, खाली उलट नोंद करून फेडायची, असा दंडक होता. खतावणी वाळवीने खाल्ली तरी जाणता दिवाणजी घाबरत नसे, कारण रोजकीर्दीवरून ती पुन्हा लिहिता येते. रोजकीर्दच गेली तर मात्र नुसत्या खतावणीवरून गेलेले दिवस परत उभे करता येत नाहीत. १४९४ साली व्हेनिस येथे लुका पाचोली या गणितज्ञाने आपल्या ग्रंथात व्यापाऱ्यांच्या ज्या वह्यांचे वर्णन छापले, त्यांतही घडल्या क्रमाची वही आणि खात्यांची वही अशी हीच जोडी आहे.

हा लेख संगणकाविषयी आहे. त्याची सुरुवात वाण्याच्या वहीपासून केली याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण संगणकशास्त्रात सध्या ज्याला ‘इव्हेंट सोर्सिंग’ म्हणतात, ती पद्धत म्हणजे रोजकीर्दच होय. आणि त्या पद्धतीत ज्याला ‘प्रोजेक्शन’ म्हणतात ती आपली खतावणी. या पद्धतीविषयी अलीकडे एक तक्रार वरचेवर ऐकू येते. खतावणी लिहिताना डेटाबेसला इतके प्रश्न विचारले जातात की तो दमून जातो, काम रेंगाळते आणि शेवटी ‘ही पद्धतच नको’ असा सूर निघतो. तक्रार खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि आपल्या पेडणे-डिचोलीच्या दृष्टीने तर तो घातक आहे. हे माझे मत मी या लेखात मांडणार आहे.

आधी जमिनीचे उदाहरण घेऊ, कारण आपल्या भागात प्रत्येक घराला ते ठाऊक आहे. पेडण्याची हद्द ओलांडून सावंतवाडीकडे गेले, किंवा डिचोलीहून दोडामार्गाकडे गेले, की महाराष्ट्राचे गाव नमुने लागू होतात. तेथे तलाठ्याकडे गाव नमुना सहा असतो. ती फेरफार नोंदवही. वडील वारले, वारसांची नावे लागली, जमीन विकली, बोजा चढला, बोजा उतरला, अशा एकेका घटनेला तेथे क्रमांक मिळतो. त्या नोंदी मंजूर झाल्या की त्यांचा परिणाम सातबाऱ्यावर दिसतो. सातबारा जमिनीच्या क्रमांकाप्रमाणे असतो, तर आठ-अ खातेदाराप्रमाणे. म्हणजे एकाच फेरफारातून दोन निराळ्या खतावण्या निघाल्या. एक विचारते, ‘या जमिनीवर कोण कोण?’ दुसरी विचारते, ‘या माणसाची जमीन कोठे कोठे?’ आमच्या अंकाच्या कन्नड विभागातील वाचकांना पहाणी पत्रक माहीत असेलच. कर्नाटकाने या शतकाच्या आरंभी ‘भूमी’ योजनेत अशा सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर घेतल्या. गोव्यात १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतर जो एक-चौदाचा उतारा आला तोही याच कुळातला. उतारा म्हणजे आजची स्थिती. ती स्थिती कशी आली हे फेरफार सांगतो.

संगणकावर मात्र बरीच वर्षे उलटी रीत रूढ होती. डेटाबेसात फक्त आजची स्थिती ठेवायची. काही बदलले की जुने पुसून त्याच जागी नवे लिहायचे. साठवणीची जागा महाग होती तोवर ते समजण्यासारखे होते. पुढे जागा स्वस्त झाली आणि ‘हा आकडा असा का झाला?’ या प्रश्नाला उत्तर नसणे लोकांना खटकू लागले. मार्टिन फाउलर यांनी २००५ साली इव्हेंट सोर्सिंगचे विवेचन लिहिले. ग्रेग यंग यांनी लिहिण्याची बाजू आणि वाचण्याची बाजू वेगळी ठेवण्याचा विचार त्याला जोडून पुढे नेला. घटना फक्त भर घालून लिहायच्या, पुसायच्या नाहीत. आणि लोकांना पाहण्यासाठी लागणारी खाती त्या घटनांवरून एका वेगळ्या कार्यक्रमाने तयार करायची. हा कार्यक्रम म्हणजे आपला खतावणी लिहिणारा कारकून. दुखणे या कारकुनाच्या हातात आहे, वहीत नाही.

ते कसे, हे आकड्यांनी पाहू. डिचोली तालुक्यात एक दूध संस्था आहे असे समजा. सभासद २००. प्रत्येक जण सकाळ-संध्याकाळ दूध घालतो. म्हणजे दिवसाला ४०० नोंदी आणि वर्षाला १,४६,००० नोंदी. प्रत्येक नोंदीत सभासदाचा क्रमांक, किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती. या नोंदींवरून चार खतावण्या हव्यात: सभासदाचे पंधरवड्याचे बिल, संस्थेचे रोजचे संकलन, प्रतवारीची सरासरी आणि दुधाच्या गाडीची पावती.

आता आपला कारकून काय करतो? एक नोंद आणतो. मग विचारतो, ‘मी मागच्या वेळी कुठवर आलो होतो?’ मग विचारतो, ‘या सभासदाचे नाव काय?’ मग, ‘आजचे दरपत्रक काय?’ मग, ‘याच्या खात्यावर आधीची बेरीज किती?’ एवढे झाल्यावर बेरीज करून लिहितो आणि पुढच्या नोंदीला हात घालतो. नोंद आणणे धरून एका नोंदीमागे पाच वाचने झाली. चार खतावण्या चार निराळे कारकून अशाच रीतीने लिहीत असतील तर वर्षाची पुनर्लेखणी करताना १,४६,००० गुणिले ५ गुणिले ४, म्हणजे २९,२०,००० वाचने होतात. एका वाचनाला जाऊन-येऊन दोन मिलिसेकंद लागतात असे धरले, तर निव्वळ विचारण्यात सुमारे १ तास ३७ मिनिटे गेली. यात लिहिण्याचा वेळ धरलेलाच नाही. आणि ही झाली एक छोटी संस्था, एक वर्ष. सभासद दोन हजार आणि वर्षे दहा झाली की हाच आकडा शंभरपट होतो. म्हणजे जवळजवळ एक आठवडा!

या आकड्यांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. या २९ लाख प्रश्नांपैकी बहुतेकांचे उत्तर कारकुनाला आधीच ठाऊक होते. दरपत्रक पहिल्या नोंदीला विचारले तेच दुसऱ्या नोंदीला. सभासदाचे नाव सकाळी विचारले तेच संध्याकाळी. आधीची बेरीज तर त्यानेच क्षणापूर्वी स्वतःच्या हाताने लिहिली होती! एखाद्या पेढीवरच्या मुनिमाने दर ओळीला उठून मालकाला ‘शेठजी, साखरेचा भाव काय हो?’ असे विचारले असते, तर दुसऱ्या दिवशी त्याला कामावर ठेवले नसते. संगणकाच्या कारकुनाला आपण ठेवतो, कारण त्याचे उठणे-बसणे आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

अशा वेळी दोन उपाय सुचवले जातात आणि मला दोन्ही अमान्य आहेत.

पहिला उपाय पैशाचा. मोठे यंत्र घ्या, डेटाबेसच्या पुढे रेडिससारखा तात्पुरत्या साठवणीचा आणखी एक थर उभा करा. मोठ्या कंपन्यांना हे परवडते आणि काही ठिकाणी ते योग्यही असते. पण न विचारता भागणारा प्रश्न अधिक वेगाने विचारण्याला सुधारणा म्हणत नाहीत. गावच्या संस्थेला ज्या उपायाचे बिल भरता येत नाही, तो तिच्यासाठी उपायच नव्हे.

दुसरा उपाय अधिक धोक्याचा. ‘रोजकीर्द ठेवायचीच कशाला? फक्त बेरीज ठेवा, घटना टाकून द्या. वाचायलाच नको!’ हे बोलणे ऐकायला सुटसुटीत वाटते. पण आपल्या तालुक्यांचा इतिहास ज्याला थोडासा ठाऊक आहे त्याच्या अंगावर काटा यावा असे ते बोलणे आहे. पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीज अमलाखाली आले. त्याआधी येथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. त्यामुळे एकाच गावाचे कागद मोडीत, पोर्तुगीजमध्ये, मराठीत आणि इंग्रजीत विखुरलेले सापडतात. १९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६४ साली कूळ कायदा आला, १९७५ साली मुंडकार कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला मालक मानण्याचे तत्त्व आणले. या सर्व कायद्यांत मध्यवर्ती प्रश्न एकच असतो: अमक्या साली ही जमीन कोण कसत होते? अमक्या साली या घरात कोण राहत होते? आजचा उतारा एकट्याने याचे उत्तर देऊ शकत नाही. त्यावर आज जे नाव आहे तेवढेच दिसते. उत्तर जुन्या नोंदींच्या साखळीत असते. मयेच्या जमिनीचा प्रश्न मुक्तीनंतर दशकानुदशके लोंबकळला, तेव्हा तेथल्या माणसांना आधार होता तो ‘आम्ही येथे पूर्वीपासून आहोत’ हे दाखवणाऱ्या कागदांचाच. डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. पेडण्याच्या जमिनीकडे आता दूरदूरच्या माणसांचे डोळे लागले आहेत. अशा काळात ‘आजची स्थिती तेवढी ठेवा, मागचे विसरा’ हे तत्त्व कोणाच्या सोयीचे ठरेल आणि कोणाच्या मुळावर येईल, हे वेगळे सांगायला नको. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याचे नाव आजच्या उताऱ्यावर येऊ शकते. गरिबाजवळ बहुधा फक्त कालची नोंद असते.

म्हणून मी म्हणतो की रोजकीर्दीला हात लावू नका. खतावणी लिहिणाऱ्याला शिस्त लावा. ही शिस्त कठीण नाही. तिचे सात नियम मी येथे देतो. संगणकाच्या विद्यार्थ्यांनी ते करून पाहावेत आणि इतरांनी पेढीवरचा मुनीम डोळ्यांसमोर ठेवून वाचावेत. त्यांना ते तितकेच कळतील.

पहिला नियम: आधी मोजा. कोणता प्रश्न किती वेळा विचारला गेला याची गणती डेटाबेस स्वतः ठेवू शकतो. पोस्टग्रेससारख्या फुकट मिळणाऱ्या डेटाबेसातही ती सोय आहे. गणती हातात नसताना केलेली सुधारणा म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध. नोंदी १,४६,००० आणि दरपत्रकाची वाचनेही १,४६,००० असा मेळ दिसला, की रोग कोठे आहे ते उघड झाले.

दुसरा नियम: नोंदी एकेक करून आणू नका, गठ्ठ्याने आणा. पाचशे नोंदींचा एक गठ्ठा केला तर १,४६,००० नोंदींना २९२ फेऱ्या पुरतात. रोजचे काम चालू असताना पाचशे नोंदी जमेपर्यंत ताटकळत बसण्याचे कारण नाही. ‘शंभर नोंदी जमल्या किंवा एक सेकंद झाला, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा’ असा नेम ठेवला म्हणजे सभासदाला आपले बिल ताजे दिसते आणि डेटाबेसलाही श्वास घेता येतो. कुठवर आलो याची खूणही दर नोंदीला विचारायची नाही. काम सुरू करताना एकदा विचारायची, आणि प्रत्येक गठ्ठ्याबरोबर लिहून ठेवायची.

तिसरा नियम: जे वारंवार लागते ते हाताशी ठेवा. दोनशे सभासदांची यादी एकाच वाचनात येते. बेरजाही गठ्ठा संपेपर्यंत संगणकाच्या स्मृतीत चालवाव्यात आणि शेवटी एकदम लिहाव्यात. एका गठ्ठ्यात एकाच सभासदाच्या दहा नोंदी आल्या तर दहादा वाचून दहादा लिहिण्याऐवजी एकदाच लिहायचे. पुनर्लेखणी कोऱ्या वहीपासून सुरू होत असेल तर आधीची बेरीज विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ती शून्य आहे हे आपल्याला ठाऊक असते.

चौथा नियम: बेरीज डेटाबेसलाच करू द्या. ‘आधीची रक्कम सांग, मी त्यात मिळवतो, मग ही नवी लिही’ असे म्हणण्याऐवजी ‘या खात्यात एवढे मिळव, खाते नसेल तर उघड’ असे एकच वाक्य पाठवता येते. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१६ साली ९.५ या आवृत्तीपासून आहे. डेटाबेसला ती ओळ पाहावी लागतेच, पण घरच्या घरी. आपल्यापर्यंत येऊन परत जाण्याची खेप वाचते.

पाचवा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: नोंद पुरती लिहा. दूध घेतले त्या क्षणी कोणता दर लागला ते नोंदीतच लिहून ठेवले तर खतावणीच्या वेळी दरपत्रक उघडावेच लागत नाही. येथे प्रश्न केवळ वेगाचा नाही, न्यायाचाही आहे. समजा संस्थेने ऑक्टोबरात दर बदलला आणि डिसेंबरात जुनी खतावणी पुन्हा लिहिली. कारकून दर वेळी ‘आजचे दरपत्रक’ विचारत असेल तर जूनच्या दुधाला डिसेंबरचा दर लागेल. आकडे सुबक दिसतील, बेरीज बरोबर येईल आणि शेतकऱ्याचे बिल मात्र खोटे ठरेल! घडलेली गोष्ट घडली त्या वेळच्या सत्यासह लिहिली पाहिजे. फालतू वाचन टाळण्याचा मार्ग आणि खरे उत्तर मिळवण्याचा मार्ग येथे एकच होतो, याचे मला फार समाधान वाटते. मात्र याचा अतिरेकही नको. सभासदाचा पत्ता, घरातली माणसे, बँकेचे खाते हे सारे प्रत्येक दुधाच्या नोंदीत कोंबणे बरोबर नाही. त्या घटनेचा अर्थ लावायला जेवढे लागते तेवढेच तिच्यात असावे. सभासदाचे नाव बदलले तर ती स्वतंत्र घटना. खतावणीने ती ऐकावी आणि आपल्याजवळची यादी दुरुस्त करावी.

सहावा नियम: एकदा वाचलेले चौघांना ऐकवा. चार खतावण्यांसाठी चार कारकुनांनी तीच रोजकीर्द चार वेळा पहिल्या पानापासून चाळण्यात अर्थ नाही. एकाने मोठ्याने वाचावे आणि चौघांनी आपापल्या कामाचे टिपावे. दुधाच्या गाडीच्या खतावणीला सभासदाच्या नाव बदलाशी कर्तव्य नाही. तिच्याकडे ती नोंद पाठवूच नये. एखादा कारकून मागे पडला तर त्याला वेगळे गाठू द्यावे, त्याच्यासाठी इतर तिघांना थांबवू नये.

सातवा नियम आपल्या आजोबांनाही ठाऊक होता: ‘मागील पानावरून पुढे’. लांबलचक खाते दर वेळी पहिल्या ओळीपासून कोणी मोजत नाही; पानाच्या तळाशी बेरीज मांडून पुढच्या पानावर नेतात. दिवाळीला नव्या वह्यांची पूजा होते तेव्हा जुनी बाकी पुढे ओढली जाते. संगणकात याला ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की पुढे ओढलेली बाकी ही सोय आहे, पुरावा नव्हे. जुन्या वह्या माळ्यावर जपून ठेवायच्याच असतात.

हे नियम पाळल्यावर आपल्या दूध संस्थेचे काय होईल? नोंदींचे २९२ गठ्ठे, सभासदांची यादी एकदा, चार खतावण्यांच्या खुणा चार वेळा. म्हणजे सुमारे ३०० वाचने. २९ लाखांच्या जागी ३००! आणि यंत्र तेच, वही तीच, एक रुपया जादा खर्च नाही.

येथे चोखंदळ वाचक दोन शंका काढतील आणि त्यांनी त्या काढल्याच पाहिजेत. पहिली, वीज गेली तर? आपल्याकडे पावसाळ्यात हा प्रश्न काल्पनिक नाही. बेरीज स्मृतीत असताना यंत्र बंद पडले तर ती बेरीज गेली. पण रोजकीर्द शाबूत आहे, तेव्हा शेवटच्या खुणेपासून पुन्हा सुरुवात करता येते. अट एकच: बेरीज आणि खूण या दोन्ही गोष्टी एकाच व्यवहारात लिहिल्या पाहिजेत. बेरीज लिहिली आणि खूण लिहिण्याआधी वीज गेली, तर तोच गठ्ठा पुन्हा मोजला जाईल आणि कोणाच्या तरी खात्यावर दुप्पट दूध चढेल. खबरदारी म्हणून प्रत्येक खात्यावर शेवटच्या नोंदीचा क्रमांकही लिहावा; तोच किंवा त्याहून जुना क्रमांक परत आला तर तो सोडून द्यावा. दुसरी शंका, दोन कारकून एकाच खात्यावर काम करू लागले आणि दोघांच्या हाताशी वेगवेगळी बेरीज असली तर? तसे होऊ द्यायचे नाही. क्रमांक १ ते १०० चे सभासद एकाकडे, १०१ ते २०० चे दुसऱ्याकडे. एका खात्याला एकच हात. हा नियम पेढीवरही होता.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर माझ्यावर एकांगीपणाचा आरोप येईल. प्रत्येक कामाला रोजकीर्द हवीच असे माझे म्हणणे नाही. वसतिगृहातील खोल्यांची यादी, वर्गाचे वेळापत्रक, दूरध्वनींची वही यांना आजची स्थिती पुरते. जेथे पैसा आहे, हक्क आहे, वाद होण्याचा संभव आहे आणि उद्या कोणीतरी ‘हे असे कसे झाले?’ म्हणून विचारणार आहे, तेथे ती हवी. दूध संस्था, पतसंस्था, जमिनीच्या नोंदी, परीक्षेचे गुण, देवस्थानाचा जमाखर्च, ही तशी क्षेत्रे होत.

आता थोडे आपल्या शिक्षणाविषयी. विद्यार्थ्यांचे प्रकल्प पाहताना मला एक गोष्ट नेहमी जाणवते. उत्तर बरोबर आले की विद्यार्थी खूश आणि परीक्षकही खूश. त्या उत्तरासाठी डेटाबेसचे दार किती वेळा ठोठावले, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. प्रयोगशाळेत दहा नोंदी असतात. पन्नास वाचने झाली तरी डोळ्याचे पाते लवत नाही. तोच मुलगा पुढे एखाद्या संस्थेत जातो, तेथे दहा लाख नोंदी असतात, आणि मग खापर फुटते ते पद्धतीच्या माथ्यावर. माझी आमच्या प्राध्यापकबंधूंना विनंती आहे की प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न नेमाने विचारावा: ‘एका नोंदीमागे किती वाचने?’ आणि त्यासोबत दुसरा: ‘खतावणी पुसून टाकली तर रोजकीर्दीवरून तशीच्या तशी परत येईल का? आत्ता करून दाखव.’ हे दोन प्रश्न दरवर्षी विचारले गेले तर विद्यार्थी न सांगता सुधारतील. वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांना या परीक्षेला बसवावे असेही मी सुचवीन. किर्द-खतावणी त्यांना आमच्याहून अधिक कळते, आणि संगणकाचे शास्त्र ही केवळ संगणकवाल्यांची मिरास आहे हा भ्रमही त्यामुळे जाईल.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी पिशवीत जपून ठेवलेले जुने कागद असतील. काही तुम्हांला वाचताही येत नसतील. तुमच्या आजीने ते का जपले ते तिला विचारा. आजच्या उताऱ्यावर नाव असताना तिने मागचे कागद का टाकले नाहीत? कारण नाव का आहे हे सांगणारा कागद नावाहून मोलाचा असतो, हे तिला शाळेत न जाता ठाऊक होते. उद्या त्या कागदांची जागा जी यंत्रे घेणार आहेत ती तुम्ही लिहिणार आहात. ती मंद चालतात म्हणून त्यांचा इतिहास छाटू नका. मंदपणाचे कारण शोधा, गणती करा, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारण्याची कारकुनाची खोड मोडा. वेग त्यातून मिळेल आणि कोणाच्याही हक्काची नोंद त्यापायी बुडणार नाही.